पाटी नसलेल्या विषयाची प्राध्यापकी : नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या जीपींना उत्तर

सर, नमस्कार.

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव घातलं नाही, 'महालातला एक जुना जीपी' एवढीच सही केली, म्हणून 'सर' म्हणते. पंचेचाळीस वर्षं दवाखाना चालवलेल्या माणसाला दुसरं काही म्हणायची माझी छाती नाही.

बाकीच्या वाचकांसाठी आधी मामला सांगते. सर जीपी आहेत, म्हणजे सगळ्याच तक्रारी पाहणारे घरगुती डॉक्टर. मागच्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं की, ज्या तरुण डॉक्टरांना ॲलर्जी आणि इम्युनॉलॉजीत (प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात) रस आहे त्यांनी शिकवण्याची नोकरी सोडू नये. त्यावर सरांनी लिहिलं : "बाई, ज्या विषयाची पाटी मी पंचेचाळीस वर्षांत इथल्या एकाही ओपीडीबाहेर वाचली नाही, त्यात प्राध्यापक व्हा म्हणून पोरांना काय सांगता? पेपर लिहून कोणाचा दमा बरा झाला? तुम्ही स्वतः कॉलेज सोडून धरमपेठेत बसल्या आणि दुसऱ्यांच्या लेकरांना म्हणता तिथेच राहा. माझी नात पेडियाट्रिक्सच्या एमडीला पहिल्या वर्षाला आहे. तुमचं वाचून घरात वाद झाला. आता तुम्हीच निस्तरा."

कॉलेज सोडल्याच्या तिसऱ्या आरोपापासून सुरू करते, कारण तो खरा आहे आणि लेखात मी तो शिताफीने टाळला होता.

एका कॉलेजात मी श्वसनरोग विभागात सहायक प्राध्यापक होते. कुठलं ते सांगत नाही, तिथली माणसं अजून भेटतात. बऱ्याच विनवण्यांनंतर मला आठवड्यातली एक दुपार मिळाली, बुधवारची. स्पायरोमेट्रीच्या (फुंकर मारायला लावून श्वास मोजण्याच्या) खोलीत पडदा लावून मागे एक टेबल. त्यावर प्रिक टेस्ट, ॲलर्जी कशाची ते शोधायची. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : हाताच्या आतल्या बाजूला परागकण, धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे किडे), बुरशी, झुरळ अशा अर्कांचे थेंब ठेवायचे, प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने कातडीला टोचायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि गांधी किती मिलिमीटर उठली ते पट्टीने मोजायचं. एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे गांधी उठवणाऱ्या रसायनाचा, तो उठलाच पाहिजे. एक नुसत्या सलाईनचा, तो उठता कामा नये. सलाईनपेक्षा तीन मिलिमीटर जास्त उठली तर टेस्ट पॉझिटिव्ह. काम एवढंच. पण अर्क दोन ते आठ अंशांत ठेवावे लागतात, आणि आमच्या विभागातल्या फ्रीजमध्ये उन्हाळ्यात ताकाच्या बाटल्या असत. अर्क संपले की खरेदीची फाइल फिरायची, इतकी फिरायची की पुढचा मोसम यायचा.

तरी मी एक रजिस्टर ठेवलं होतं. लांब, तांबड्या पाठीचं, दुकानदार उधारी लिहितात तसलं. नाव, गाव, महिना, घरी कूलर आहे का, त्यात गवताची ताटी की हनीकोंबचा पॅड, शेती आहे का, कुठल्या थेंबाला किती गांधी. सहा वर्षं भरलं. पेपर लिहू लिहू म्हणत राहिले. मग कॉलेज सोडून धरमपेठेत दवाखाना थाटला, त्याची कारणं घरची होती आणि पैशाचीही होती, आणि रजिस्टर त्या खोलीतल्या कपाटात राहिलं. दोन वर्षांनी विचारायला गेले तेव्हा खोलीत दुसरा विभाग आला होता. कपाटही नव्हतं.

तर सर, 'पेपर लिहून काय होतं' हे तुम्ही नेमकं अशा बाईला विचारलंत जिने लिहिला नाही. सहा वर्षांत नागपूरच्या हवेबद्दल मला जे कळलं ते आता फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि डोक्यातलं कोणी पडताळून पाहू शकत नाही. मलाही आता खात्रीने सांगता येत नाही की वावळाच्या परागांची गांधी फेब्रुवारीत जास्त दिसायची, का वावळ माझ्या घरामागे आहे म्हणून मला तसं वाटतं.

आता पाटीबद्दल.

पाटी नाही, मान्य. पण हा विषय जन्मला तेव्हाही त्याची पाटी नव्हती. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. ते व्हिएन्नात लहान मुलांच्या वॉर्डात काम करायचे. मुलांना घोड्याचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, टोचलं जायचं. पहिल्यांदा टोचल्यावर ताप-पुरळ यायला आठ-दहा दिवस लागतात आणि दुसऱ्यांदा टोचलं की लगेच येतं, हे त्यांनी आणि बेला शिक यांनी खाटेपाशी बसून टिपलं. पिर्के पुढे प्राध्यापक झाले, तेही बालरोगाचे.

दुसरी गोष्ट खास तुमच्यासाठी. १९२१ साली ब्रेस्लाऊमध्ये कार्ल प्राउसनिट्झ यांनी हाइन्झ क्युस्टनर यांचं सीरम स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं. क्युस्टनर यांना मासे चालत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि तेवढ्याच जागी गांधी उठली. रक्तातली 'काहीतरी' एक वस्तू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येते, हे त्या दिवशी कळलं. यातले एक जंतुशास्त्राचे, दुसरे स्त्रीरोगाचे. प्राउसनिट्झ यांना नाझींच्या काळात जर्मनी सोडावी लागली आणि उरलेलं आयुष्य त्यांनी इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट बेटावर काढलं. जीपी म्हणून. त्या 'काहीतरी'ला, म्हणजे ॲलर्जी घडवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाला, आयजीई हे नाव मिळायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली : अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका, स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश. म्हणजे मध्ये पंचेचाळीस वर्षं गेली. तुमच्या दवाखान्याएवढी.

अमेरिकेत या विषयाचं परीक्षा मंडळ १९७१ साली आलं, तेही मेडिसिन आणि पेडियाट्रिक्सच्या मंडळांनी मिळून. तिथे आजही आधी मेडिसिन किंवा पेडियाट्रिक्स करून मग दोन वर्षांची फेलोशिप करतात. आपल्याकडे सरकारी वैद्यकीय संस्थांपैकी लखनौच्या एसजीपीजीआयमध्ये क्लिनिकल इम्युनॉलॉजीचा विभाग आहे, पुद्दुचेरीला जिपमेरमध्ये आहे, चंदीगडच्या पीजीआयमध्ये मुलांसाठीचं डीएम (एमडीनंतरची पदवी) आहे. पण डीएमच्या नावात इम्युनॉलॉजीला लागून रुमॅटॉलॉजी (सांध्यांच्या आजारांचं शास्त्र) येते, आणि शिकून आलेल्याचा दिवस बहुतेक लुपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आणि सांधेदुखीत जातो. शिंका, दमा, पित्ताच्या गांधी यांची वाटणी छाती, नाक-कान-घसा, त्वचा आणि बालरोग या चौघांत झाली आहे. या चौघांपैकी कोणीतरी एकाने आपल्या विभागातली एक दुपार मागून घेतली तरच हा विषय कॉलेजात येतो. मी 'कॉलेज सोडू नका' म्हणाले ते एवढ्यासाठी. बंगल्यावर पाटी लावून ती दुपार मिळत नाही. माझंच उदाहरण घ्या : धरमपेठेत बसून मी पेशंट जास्त पाहते, पण माझ्या मागे उभं राहून शिकणारं कोणी नाही.

पेपरचं मात्र तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि हे लिहिताना मला काही मित्र गमवावे लागतील. २०२२ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाचा सहयोगी व्हायला चार वर्षं आणि दोन पेपर, सहयोगीचा प्राध्यापक व्हायला आणखी तीन वर्षं आणि आणखी दोन पेपर लागत. असा हिशेब लावला की पेपर त्या हिशेबापुरतेच निघतात. बढतीची ऑर्डर हातात आली की लेखणी खाली. असल्या पेपरने कोणाचा दमा बरा होत नाही, छापणाऱ्याचं घर चालतं.

पण दुसऱ्या जातीचेही असतात. ॲलर्जीवर उपाय म्हणून परागकणांच्या अर्काची इंजेक्शनं लिओनार्ड नून यांनी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातून १९११ साली जाहीर केली. नून लवकर गेले. जॉन फ्रीमन यांनी ते काम चालवलं आणि पुढे विल्यम फ्रँकलंड तिथे आले. नून यांच्यानंतर ४३ वर्षं जगभर डॉक्टर ती इंजेक्शनं देत होते, आणि ती खरंच चालतात का याची नीट तुलना करून चाचणी फ्रँकलंड यांनी १९५४ साली छापली. चालतात, असं निघालं. पुढच्याच वर्षी त्यांनी दम्यासाठी पेशंटच्याच जंतूंपासून बनवायच्या लसी तपासल्या, तेव्हा जोरात होत्या त्या. लस नसलेल्या नुसत्या इंजेक्शनपेक्षा बऱ्या नाहीत, असं निघालं. हे सांगायला धाडस लागतं, कारण त्या लसींवर कितीतरी दवाखाने चालत होते. फ्रँकलंड १०८ वर्षं जगले आणि शंभरी ओलांडल्यावरही लिहीत होते.

आणि शेंगदाण्याचं ऐका. इंग्लंड-अमेरिकेत धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असा सल्ला होता. लंडनचे गिडिअन लॅक इस्रायलला व्याख्यानाला गेले आणि समोरच्या डॉक्टरांना विचारलं, शेंगदाण्याची ॲलर्जी कोणी पाहिली? लंडनमध्ये सगळे हात वर गेले असते, तिथे दोन-तीनच गेले. तिथली लेकरं दात यायच्या आधीपासून शेंगदाण्याचे कुरमुरे चघळतात. मग धोका असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर चाचणी झाली, २०१५ साली छापली : शेंगदाणा टाळलेल्यांत पाच वर्षांचे होईतो १७.२ टक्क्यांना ॲलर्जी, लवकर खाल्लेल्यांत ३.२ टक्क्यांना. सल्ला पार उलटा झाला. आपल्या आज्या उपासाच्या खिचडीतलं कूट बोटावर घेऊन चाटवत आल्या, त्यांना हा पेपर वाचायची गरज नव्हती हे मान्य. पण हल्ली आमच्याकडे येणाऱ्या आया इंटरनेटवरचा जुना सल्ला वाचून कूट बंद करतात, त्यांना आजीचं पटत नाही, पेपरचं पटतं.

आता नागपूर. काटोलकडचा एक शेतकरी माझ्याकडे आला होता. पापण्या सुजलेल्या, मान काळवंडलेली, कोपराच्या आतली कातडी चिरलेली, आणि हातात रक्ताच्या 'ॲलर्जी पॅनल'चे चार कागद. त्यात लिहिलं होतं, वांगी, तूर डाळ, संत्री वर्ज्य. तूर डाळ आणि संत्री सोडून विदर्भात माणसाने खायचं काय? त्याला होतं गाजर गवत. दोन वेळा संत्र्याच्या बागेतलं निंदण केलं की उमटायचं, पावसाळ्यानंतर वाढायचं. ही ॲलर्जी आयजीईची नाहीच, ती पेशींमार्फत दोन दिवसांनी उमटणारी आहे. ती पाठीवर पॅच लावून ४८ तासांनी पाहायची असते. रक्ताच्या पॅनलमध्ये ती सापडणार कशी? आणि पॅनलमधला आकडा वर आला म्हणजे ते खाल्ल्याने त्रास होतोच असंही नाही, तो फक्त शरीराने ओळख ठेवल्याचा आकडा आहे. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाऱ्यांनाही एमबीबीएसला कोणी शिकवलं नव्हतं. हे शिकवायला वर्गात जी व्यक्ती लागते, ती तुमची नात असू शकते.

आमच्या कूलरचं तर कोणीच नीट लिहिलेलं नाही असं माझं मत आहे. मे महिन्यात बाहेरची हवा हाडं वाळवणारी, माइटला जगणं कठीण. आणि आपण खिडकीला पाण्याची पेटी लावून आख्ख्या खोलीत श्रावण आणतो. वरून मागच्या वर्षीची कुबट ताटी. दुकानात नवी मिळते, पण 'अजून चालते न बाप्पा' म्हणून तीच. मुंबई-पुण्याच्या किंवा दिल्लीच्या आकड्यांतून हे कळणार नाही. ते इथेच मोजावं लागेल, आणि चार-पाच उन्हाळे मोजावं लागेल. खासगी दवाखान्यात एका उन्हाळ्याचा पेशंट पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो.

पैशाचं थोडक्यात. लेखात मी ते गिळलं, ती चूक. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एमडी, डीएम केलं तर आणखी तीन, मध्ये बॉण्ड, मध्ये प्रवेशपरीक्षांची वर्षं. तिशी उलटते आणि हातात कंत्राटी नेमणूक येते. शेजारच्या मुलाने तोवर फ्लॅट घेतलेला असतो. ज्याच्या घरी कर्ज आहे त्याने दुपारी कॉलेज आणि संध्याकाळी दवाखाना, जिथे नियम परवानगी देतात तिथे, असं करावं. त्यात कमीपणा नाही. छोटे कोर्स करून ॲलर्जीचे दवाखाने उघडणाऱ्यांवर मी लेखात तोंडसुख घेतलं होतं, तेही थोडं मागे घेते. माझं भांडण त्यांच्या सर्टिफिकेटशी नाही. इंजेक्शन दिल्यावर पेशंटला अर्धा तास बसवून ठेवत नाहीत आणि ट्रेमध्ये ॲड्रिनलिनचं (जीवघेणी ॲलर्जी उठली तर द्यायच्या औषधाचं) अँप्यूल नसतं, त्यांच्याशी आहे.

नातीचं. पहिल्याच वर्षी तिला थिसिसचा सिनॉप्सिस (आराखडा) नाशिकला आरोग्य विद्यापीठाकडे पाठवावा लागेल, त्यामुळे वाद घालायला वेळ थोडा आहे. डीएमचं आत्ता ठरवू नका. चंदीगडला जावंसं वाटलं तर आयएनआय-एसएस (डीएमची प्रवेशपरीक्षा) देईल, नाही वाटलं तर बालरोगाची चांगली डॉक्टर होईल, दोन्हींत घरचं नुकसान नाही. फक्त थिसिसचा विषय सीनियरच्या जुन्या फाइलमधून उचलू देऊ नका. वारंवार घरघर होणारी मुलं तिच्या ओपीडीत रोज येत असतील. त्यांची प्रिक टेस्ट आणि घरच्या कूलरची चौकशी, एवढ्यावर थिसिस उभा राहतो. गाइड कुरकुरले तर मी बोलते. अर्क ठेवायला फ्रीजचा एक कप्पा कुलूपबंद मिळवणं, हे या थिसिसमधलं सगळ्यात अवघड काम आहे, ते तिने पहिल्या महिन्यात करावं. आणि भरलेल्या पानांचे फोटो दर शनिवारी घरी आणावेत.

बुधवारी दुपारी मी अजूनही पेशंट कमी घेते, सवय आहे. तिला पाठवा, तुम्हीही या. येताना एक सांगा, पंचेचाळीस वर्षांचे केसपेपर कुठे ठेवले आहेत? रद्दीत गेले असतील तर नका सांगू.