ट्राकेनर ‘शुद्ध रक्ताचा’? जरा थांबा

घोडेप्रेमींच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतंय: ‘जर्मनीचा ट्राकेनर हा एकमेव शुद्ध वॉर्मब्लड. दोनशे वर्षांत बाहेरच्या रक्ताचा थेंबही नाही. १९४५ मध्ये ट्राकेनन स्टडचे सगळे घोडे गोठलेलं पाणी ओलांडून पश्चिमेला पोचले, रशियाच्या हाती एकही लागला नाही.’ (वॉर्मब्लड म्हणजे स्वारी-खेळासाठीच्या मध्यम बांध्याच्या घोड्यांचा गट, स्टड म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचं केंद्र.) ऐकायला झकास, पण खरं त्यात थोडंच आहे.

आधी शुद्धतेचं बघू. प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला याने १७३२ मध्ये पूर्व प्रशियात हा स्टड उभारला, तो सैन्याला चपळ आणि दमदार घोडे हवे होते म्हणून. तिथल्या लहानखुऱ्या, काटक घोड्यांत पुढे अरबी आणि इंग्लिश थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) रक्त मुद्दाम मिसळलं गेलं. टेम्पेलह्यूटर हा ट्राकेननचा सगळ्यात गाजलेला घोडा. स्टडच्या आवारात त्याचा ब्राँझचा पुतळा होता. त्याचा बाप परफेक्शनिस्ट हा इंग्लिश थरोब्रेड, आणि आजा पर्सिमन, १८९६ ची एप्सम डर्बी ही इंग्लंडची नामांकित शर्यत मारलेला! ट्राकेनरचं कोरीव डोकं, लांब मान आणि तरंगती चाल याच मिश्रणाची देणगी आहे. तापट म्हणून बदनाम झालेला त्याचा तल्लखपणाही त्यातलाच. स्टडबुक, म्हणजे जातीची नोंदवही, बंद आहे हे खरं, पण ते इतर वॉर्मब्लडना. थरोब्रेड आणि अरबी घोड्यांना दार उघडंच आहे. शुद्धतेची दंतकथा बहुधा इथूनच सुटली असावी.

पलायनाची गोष्ट खरी आहे, फक्त घोडे दुसरे. स्टडच्या घोड्यांवर एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) एका शिंगाचा डाग असे, खाजगी पैदाशीच्या घोड्यांवर जोडशिंगांचा. स्टडचे घोडे ऑक्टोबर १९४४ मध्येच हलवले, तेही फार उशिरा, आणि त्यातले पुष्कळ पुढे सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेले. १९४५ च्या हिवाळ्यात फ्रिशेस हाफ या गोठलेल्या खाडीच्या बर्फावरून गाडे ओढत गेल्या त्या मुख्यतः शेतकऱ्यांच्या घोड्या, कित्येक गाभण. वरून विमानांचा मारा, खाली तडकणारा बर्फ. पश्चिमेत पोचल्या त्या थोड्याच, आणि त्यांच्यावरच १९४७ नंतर पश्चिम जर्मनीत ही जात पुन्हा उभी राहिली.

राहिला रशिया. टेम्पेलह्यूटरचा पुतळासुद्धा मॉस्कोला गेला, तिथे घोड्यांची काय कथा! पकडलेल्या घोड्यांपासून रोस्तोव्ह भागातल्या किरोव्ह स्टडमध्ये पैदास सुरू राहिली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने यजमान पश्चिम जर्मनीला मागे टाकून ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) सांघिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्या संघातली येलेना पेतुश्कोवा पेपेल नावाच्या ट्राकेनरवर स्वार होती.