सतरा मोजून झाले, मग पुढे काय?

नमस्कार. हायकू (५-७-५ अशा तीन ओळींची छोटी जपानी कविता) वर्गात कसा शिकवावा, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. एक, 'पहिल्या दिवशी ५-७-५ मोजायला लावू नका' असं सांगून शिस्तच काढून घेतली. मग कुठलंही वाक्य तीन ओळींत मोडलं की झाला हायकू. दोन, जपानी न येणाऱ्या शिक्षकाने इंग्रजीवरून मराठीत आणलेली कविता शिकवणं म्हणजे उसन्याचं उसनं. तीन, अशा लिखाणाला गुण कसे द्यायचे? तिन्ही प्रश्न वर्गावर उभं राहणाऱ्या माणसाचे आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

पहिल्या आक्षेपातला काही भाग मान्य आहे. लेखात 'मोजू नका' असं सरसकट लिहिलं गेलं. 'देवनागरी अक्षरं मोजू नका' असं लिहायला हवं होतं. जपानी कविता मोजते ते 'ओन', आणि ओन म्हणजे आपलं अक्षर नव्हे. ऱ्हस्व स्वराचा एक ओन, दीर्घ स्वराचे दोन. स्वर नसलेला 'न्' वेगळा मोजतात, एकच व्यंजन जोडून दोनदा आलं तर त्यातलं अर्धंही वेगळं. म्हणून 'तोक्यो' हा तो-ओ-क्यो-ओ असा चार ओनांचा, आणि 'निप्पोन' हाही नि-प्-पो-न् असा चारांचाच. मात्रावृत्तं शिकवलेल्या शिक्षकाला हे लगेच ओळखीचं वाटेल: गुरूच्या दोन मात्रा, जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू. फसगत होते ती आ, ए आणि ओ यांच्यापाशी. मराठीत हे स्वर कायम गुरू धरतात, जपानीत ते ऱ्हस्वही असतात. सतराव्या शतकातला जपानी कवी बाशो याच्या बेडकाच्या हायकूतली 'फुरुइके या' ही ओळ जपानीत पाच ओनांची आहे. आपल्या मात्रा लावल्या तर सात भरतात. मग मुलं म्हणतात, बाशोचं चुकलं.

यावर उपाय चौकटीच्या वहीचा. एका चौकटीत एक ओन. दीर्घ स्वराला दोन चौकटी, 'न्' आणि दोनदा आलेल्या व्यंजनातल्या अर्ध्याला प्रत्येकी एक. सरावाला मासाओका शिकीचा १८९५ सालचा हायकू घ्या:

काकी कुएबा
काने गा नारु नारी
होर्यूजी

(काकी खाता खाता घंटा वाजते, होर्यूजी.) होर्यूजी हे नारा भागातलं देऊळ. आपल्या लिपीत तीन अक्षरं, पण चौकटीत हो-ओ-र्यु-उ-जि अशी पाच. 'काकी' शब्दावर वर्ग हसणारच, तेव्हा ते टेंभुर्णीच्या कुळातलं, शरदात पिकणारं केशरी फळ आहे हे आधी सांगून टाकावं.

मोजणं इथपर्यंत उपयोगी आहे. मुलांच्या स्वतःच्या मराठी तीन ओळींवर मात्र ते लादू नये, आणि याचं कारण शिस्तीचा कंटाळा हे नाही. जपानी 'मिझु नो ओतो' पाच ओनांत संपतं. त्याचंच मराठी 'पाण्याचा आवाज' अकरा मात्रा घेतं. सतरा मात्रांत मग उरतं काय? आणि सतरा अक्षरं ठरवून दिली, की मुलं कमी पडलेली जागा 'खूप', 'छान', 'सुंदर' यांनी भरतात, किंवा विभक्तीचे प्रत्यय तोडून टाकतात.

पण तुमचा खरा मुद्दा शिस्तीचा आहे, आणि त्याचं उत्तर बाशोच्या खर्ड्यांत मिळतं. १६८९च्या उन्हाळ्यात तो यामादेराच्या डोंगरातल्या देवळात गेला. सोबतच्या सोराने तेव्हा टिपून ठेवलेलं रूप असं:

यामादेरा या
इशि नि शिमित्सुकु
सेमि नो कोए

पुढे पहिल्या ओळीत 'साबिशिसा या' आणि दुसरीत 'इवा नि शिमिकोमु' असं एक रूप आलं, आणि शेवटी प्रवासवर्णनात गेलं ते हे:

शिझुकासा या
इवा नि शिमिइरु
सेमि नो कोए

(शांतता, कातळात झिरपतो सेमि या कीटकाचा आवाज.) तिन्ही रूपं चौकटीत भरून बघा. तिन्ही बरोबर ५-७-५ आहेत. मोजमाप ही एवढीच शिस्त असती, तर बाशोचं काम पहिल्याच दिवशी संपलं होतं. मग त्याने बदललं काय? देवळाचं नाव काढून आधी एकाकीपण आणलं, मग तेही काढून नुसती शांतता ठेवली. 'इशि' म्हणजे दगड, तो गेला आणि 'इवा' म्हणजे कातळ आला. चिकटून मुरणारा आवाज आत झिरपणारा झाला. शांतता आणि कर्कश आवाज एकमेकांसमोर आले ते अखेरच्या रूपात. हे तीन खर्डे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून 'काय बदललं?' एवढंच विचारा. पूर्ण तास त्यात जातो आणि जाऊ द्यावा.

इथे एक खबरदारी हवी. 'सेमि'चं भाषांतर 'रातकिडा' करण्याचा मोह होतो. सेमि हा झाडावर बसून भर दिवसा ओरडणारा कीटक आहे, आणि दिवस अजून मावळला नव्हता असं बाशोने स्वतः लिहून ठेवलंय. 'रातकिडा' लिहिलं की कवितेत रात्र होते, शांतता आपोआप येते, आणि विरोध संपतो.

ओळीच्या शेवटचा 'या' हा तोडणारा शब्द, जपानीत 'किरेजी'. त्याला अर्थ नाही, काम आहे: तो कवितेचे दोन तुकडे करून मध्ये जागा ठेवतो. मराठीत ते काम आडव्या रेघेवर भागवावं लागतं. मुलांच्या ओळी तपासताना एक कसोटी लावा: दोन तुकड्यांमध्ये 'म्हणून', 'कारण' किंवा 'जणू' घालून वाचायचं. शब्द बिनबोभाट बसला, तर तोड नाही, नुसतं स्पष्टीकरण आहे. तीन ओळींत मोडलेलं वाक्य या कसोटीवर बहुतेक वेळा पडतं. तुम्हाला हवी असलेली शिस्त इथे आहे, आणि ती सतरा मोजण्यापेक्षा कडक आहे.

दुसरा आक्षेप उसन्याचा. नुसतं इंग्रजी भाषांतर हातात घेऊन वर्गावर गेलं तर तो शंभर टक्के खरा आहे. म्हणून मूळ ओळ देवनागरीत, तिच्याखाली शब्दाला शब्द, आणि तिसरी जागा मुलांसाठी रिकामी, असा कागद करायचा. यात मराठीचा मोठा फायदा आहे. जपानीसारखंच आपलंही क्रियापद शेवटी येतं आणि संबंध दाखवणारा प्रत्यय नामामागून लागतो. 'मिझु नो ओतो' म्हणजे शब्दशः पाण्या-चा आवाज, 'हारु नो उमि' म्हणजे वसंता-चा समुद्र. इंग्रजीला जो क्रम उलटा करावा लागतो, तो मराठीत जसाच्या तसा राहतो.

चियो-नि या कवयित्रीचा (१७०३–१७७५) हायकू या कागदासाठी उत्तम:

आसागाओ नि
त्सुरुबे तोरारेते
मोराइमिझु

आसागाओ ही सकाळी उमलणारी फुलवेल. नि = ने. त्सुरुबे = पोहरा. तोरारेते = घेतला जाऊन. मोराइमिझु = मागून आणलेलं पाणी. विहिरीच्या पोहऱ्याला वेलीने विळखा घातला, ती तोडवेना, पाणी शेजारून आणलं. 'पोहरा' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. शहरातल्या मुलांना तो समजावून सांगावा लागेल. सांगा, पण 'बादली' करू नका. याच हायकूचं 'आसागाओ या' असं सुरू होणारं रूपही प्रसिद्ध आहे. 'नि' असताना वेलीने पोहरा घेतला 'म्हणून' पाणी मागितलं, असं कारण लागतं. 'या' आला की आधी नुसतं फूल दिसतं, बाकीचं नंतर. वरची कसोटी मुलांना इथे एका अक्षरात कळते.

आसागाओ जपानी ऋतुशब्दकोशात शरदात मोडते, उन्हाळ्यात नाही. बेडूक वसंतात, दव शरदात. मुलांनी स्वतः लिहिताना चेरीचा बहर आणि बर्फ उचलू नये. पळस, कैरी, मृगाचे किडे, टाकळा, तेरडा, हुरडा, अशी महिन्यावार यादी वर्गानेच भिंतीवर लावावी.

यमकाबद्दल थोडक्यात. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूत यमक येतं, आणि ती आपली स्वतंत्र परंपरा आहे. जपानी हायकूत यमक नसतं. दोन्ही शिकवा, पण एकाच तासाला नको. मुलं आधी यमक शोधतात आणि मग त्याला शोभेल असं दृश्य.

आता गुण. जपानमध्ये यासाठी 'कुकाइ' नावाची जुनी बैठक आहे, ती तशीच वर्गात घ्या. तीस मुलं असतील तर प्रत्येकी दोन चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक हायकू, नाव नाही. शिक्षकानेही दोन टाकायच्या. बासष्ट चिठ्ठ्या मिसळून सहा-सात मुलांना वाटायच्या, त्यांनी त्या स्वच्छ अक्षरात मोठ्या कागदांवर उतरवायच्या. ही पायरी वेळ वाचवायला गाळली की सगळं फसतं, कारण वर्गात अक्षर ओळखू येतं आणि निवड मैत्रीवर होते. मग कागद फिरवायचे, प्रत्येकाने स्वतःचे सोडून तीन निवडायचे आणि का निवडले ते दोन-तीन वाक्यांत लिहायचं. निवडलेले हायकू मोठ्याने वाचून झाल्यावरच कवीने नाव सांगायचं. याला सलग दोन तास लागतात.

गुण हायकूला देऊ नका, त्या दोन-तीन वाक्यांना द्या. 'छान वाटला' याला शून्य. 'दुसऱ्या ओळीपर्यंत उजेड होता, तिसरीत आवाज आला' असं लिहिणाऱ्याला पूर्ण.