सरळमार्गी

डाव्या मनगटाला बाम लावून बसलोय, त्यामुळे हे सगळं उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप केलेलं आहे. चुका सापडल्या तर त्या मनगटाच्या नावावर टाका.

पुण्याचा भाचा सुट्टीला साताऱ्यात आला आणि त्याला एटीव्ही, म्हणजे मातीत पळवायची चार चाकांची हँडलवाली गाडी, चालवायची हुक्की आली. पसरणी घाट चढलो, पाचगणीच्या अलीकडे एका कुंपणात शिरलो, तीनशे रुपयांत दोन फेऱ्या. एका कागदावर सही घेतली. मजकूर थोडक्यात असा, की हातपाय मोडले तर तुमचे आणि गाडी मोडली तर तीही तुमचीच. भाचा ऐटीत फिरून आला आणि म्हणाला, "मामा, आता तू!" बायकोनं "अहो, जपून" म्हणत मोबाइल सरसावला. ती जपून म्हणते तेव्हा व्हिडिओ सुरू झालेला असतो.

मी राजवाडा ते पोवई नाका गेली तीस वर्षं दुचाकी मारतोय. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला चार चाकांची कसली भीती? हँडल तर ओळखीचंच दिसत होतं. बसलो, मूठ पिळली. काही नाही. आणखी पिळली. गाडी भाड्यानं देणारा पोरगा लांबून ओरडला, "काका, अंगठ्यानं!" तिथं मूठ पिळायची नसते, अंगठ्यानं एक खटका दाबायचा असतो. दाबला. गाडी उधळली.

पहिलं वळण उजवीकडं होतं. मी हँडल वळवलं. म्हणजे वळवायला घेतलं, तर हाताखाली हँडल नसून जात्याचा खुंटा असावा इतकं जड. दात-ओठ खाऊन वळवलं. पुढची चाकं वळलेली मला स्वच्छ दिसत होती. गाडी मात्र सरळ. चाकं पाचगणीकडं बघतायत आणि आम्ही वाईकडं निघालोय! तसेच टणटणीच्या झुडपात शिरलो.

मागून त्या पोराचा आवाज आला, "काका, वळवायचं असतं!"

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

झुडपाच्या पलीकडं खताच्या पोत्यावर एक आबा बसले होते. डोक्याला मुंडासं, हातात काठी, दोन शेळ्या. मी समोर येऊन आदळल्यावर माणसानं किमान दचकावं की नाही? आबांनी शेंग फोडली आणि म्हणाले, "आलात?"

जणू मी बोलावणं पाठवून आलो होतो.

"तुम्ही इथं काय करताय?" मी, जरा रागानंच.

"बसलोय. सावली तिकडं हाय, पर गंमत हितं हाय. समदी हितंच येत्यात."

तेव्हा माझं लक्ष गेलं. झुडपाला चांगली वाट पडलेली होती. आधीच्या मंडळींनी मळून ठेवलेली.

"पावणं, बैलगाडी हाणलीया कवा?"

"नाही."

"मग तुमाला न्हाई कळायचं," असं म्हणून आबांनी काठीनं धुरळ्यात दोन चाकं काढली आणि समजावायला बसले. मी अजून गाडीवरच, कानात टणटणीचं फूल. "गाडीची चाकं कण्यावर सुट्टी असत्यात. वळताना आतलं जागच्या जागी फिरतंय, भाईरलं पळतंय. बैलांचं बी तसंच. आतला आखडतो, भाईरचा पाय उचलतो. आता समजा दोनी चाकं खिळं ठोकून कण्याला बसवली. वळंल गाडी?"

"नाही."

"तुमची मागची खिळ्याचीच हायती. आन फुडची?"

मी पुढच्या चाकांकडं बघितलं.

"तिकडं काय बघताय? हँडलापाशी बघा. त्यो खटका. पोरानं चिकटपट्टी मारून ठिवलाय. पावसाळ्यात चिखलात रुतली व्हती, तवापस्नं चारीबी चाकं वडत्यात. ट्रॅक्टरचं लॉक दाबून कुनी वळतंय का? रुतला तर दाबायचं, भाईर आला की सोडायचं. नायतर टकरून जातंय समदं."

खरंच, उजव्या मुठीशेजारी फोर व्हील ड्राइव्हच्या खटक्यावर काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे होते. म्हणजे मला सांगा, ज्या आबांनी आयुष्यात एटीव्हीवर बूड टेकवलं नाही त्यांना जे कळतं ते तीनशे रुपये घेणाऱ्याला कळू नये?

मला वाटलं, आता आबा माझ्या बाजूनं साक्ष देतील. तेवढ्यात पोरगा आला. मी खटक्याकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, "तसं काय नसतं काका, वळणात अंग टाकावं लागतं." आबांनी तत्परतेनं मान डोलावली. "व्हय, अंग बी टाकलं न्हाई ह्यांनी. पोत्यागत बसल्यालं." आणि हे पोत्यावर बसून!

रात्री झोप नव्हतीच, म्हणून वाचत बसलो. आबा बरोबर निघाले, याचंच जास्त वाईट वाटलं. बहुतेक एटीव्हींना मागं डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दातेरी चाकांची जोडणी, नसतं; दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. चिखलात, मातीत एखादं चाक घसरून जुळवून घेतं. आमच्या पठारावर जांभ्याचा कातळ, टायर सुटायलाच तयार नाही. त्यात पुढची चाकंही ओढायला लागली आणि पुढचं डिफरन्शियल लॉक असलं, की ती हँडल सरळ करायला बघतात. आपण वळवायचं, त्यांनी परतवायचं. शिवाय हे टायर फुग्यासारखे, हवा पाचेक पीएसआय. मोटारीच्या तीस-बत्तीसपुढं ही म्हणजे फुंकर. त्यातही माझं उजवं पुढचं जवळजवळ बसलेलं. हे तक्रार म्हणून लिहितोय, विनोद म्हणून नाही.

अंग टाकायचं शास्त्रही वाचलं. झुकायचं वळणाच्या आतल्या बाजूला आणि वजन द्यायचं बाहेरच्या पायावर. दिवाळीत बहीण आणि बायको एकाच खोलीत असताना मी हेच करतो, पण त्याचा असा उपयोग असेल हे कुणी सांगितलं नव्हतं. १९८६ साली होंडानं चारही चाकं ओढणारी फोरट्रॅक्स काढली, आणि २००७ साली यामाहानं ग्रिझली ७०० ला विजेवर चालणारं पॉवर स्टीअरिंग बसवलं. म्हणजे मधली वीस-एकवीस वर्षं लोक नुसत्या मनगटांवर या गाड्या वळवत होते. त्यांच्या घरी बामाच्या किती बाटल्या असतील!

हिशेबाची गोष्ट राहिली. मडगार्ड तुटलं म्हणून पाचशे रुपये लावले. मी वाकून बघितलं तर चिरेत जुनी लाल माती मुरलेली, वर गंजलेल्या तारेचा टाका. "ही माती कधीची?" "आजचीच, काका." मी सहीचा कागद मागितला, त्यानं तो हसत दाखवला. भाचा म्हणाला, "मामा, दे ना, सोड." मामा हा शब्द त्या दिवशी इतका नेमका बसला, की मी मुकाट्यानं पाकीट काढलं.

भाच्याची दुसरी फेरी बाकी होती आणि बायको व्हिडिओ माहेरच्या ग्रुपवर टाकत होती. मी निघालो तो थेट टणटणीपलीकडं.

"सरका की जरा, आबा."

आबांनी पोत्यावर जागा केली, मूठभर शेंगा दिल्या. कुंपणापाशी काळा गॉगल लावलेला एक धिप्पाड गृहस्थ माझ्याच गाडीवर चढला आणि मोठ्या रुबाबात मूठ पिळू लागला.

"अंगठ्यानं!" पोरगा ओरडला.

आबांनी पाय जवळ घेतले, शेळ्या आवरल्या. मीही पाय जवळ घेतले.