टॅन हिल इन एकटं नव्हतं

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं टॅन हिल इन हे दारूचं दुकान, म्हणजे पब, ‘पहिल्यापासून माळावर एकटंच उभं आहे’ हे त्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. भोवती कोळसा खाणकामगारांची घरं होती की! गिऱ्हाईक दाराशी होतं, म्हणून तर ५२८ मीटर उंचीवर, असल्या वाऱ्यात दारूचा धंदा चालला. १९२९ मध्ये शेवटची खाण बंद पडली, पुढे घरं पाडली आणि उरला तो नुसता पब.

आम्ही लीड्सची मंडळी ‘पेनाइन वे’ या लांब पायवाटेचा थोडा भाग चालायला गेलो होतो, तेव्हा जुन्या खाणींचे खड्डे आसपास दिसले. २०२१च्या हिमवादळात साठेक माणसं तिथे तीन रात्री अडकली, ते तुम्ही मस्त रंगवलंय. पण खाणी गेल्यावर पब तगवला आसपासच्या मेंढपाळ शेतकऱ्यांनी. त्यांच्यावर एक ओळसुद्धा नाही?