सगळी ऑफिसं पुण्यात, मग कांद्याला उत्तर कोण देणार?

खरीप आढावा बैठकांचे दिवस आले की शेतीच्या सरकारी खात्यांत समन्वय आहे की नाही, हा वाद आमच्या नातेवाइकांत हमखास रंगतो, आणि तो ऐकून मी इथे अमेरिकेत, आयोवात तापते. शेतीशी संबंधित सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माझा चुलतभाऊ म्हणतो, "समन्वय नाही ही ओरड फुकटची आहे. सगळं पुण्यात आहे. शेतकरीच ऐकत नाही."

पुण्यात आहे हे खरंच. कृषी आयुक्तालय, कृषी महाविद्यालय, भूजल यंत्रणा, 1928 मध्ये सिमल्याहून आलं म्हणून आजही सिमला ऑफिस म्हणवणारं हवामान खातं, सगळं शिवाजीनगरच्या आसपास. पणन मंडळ गुलटेकडीला. कांदा-लसूण संशोधनाचं केंद्र 1998 पासून राजगुरुनगरला, आमच्या शिवारापासून मोटारसायकलच्या अंतरावर. पण दादा, शेजारी बसली म्हणून ही खाती एकमेकांशी बोलतात हे तुला कुणी सांगितलं?

माझ्या भावाचा उन्हाळी कांदा घे. वाण राजगुरुनगरचा, भीमा शक्ती. कांदा साठवायच्या चाळीला अनुदान कृषी खात्याचं. चाळ बांधा, माल थांबवा, भाव आला की काढा, हा सल्लाही सरकारचाच. त्याने सगळं ऐकलं. डिसेंबर 2023 मध्ये, ऐन लागवडीच्या तोंडावर, दिल्लीने निर्यातबंदी केली. काढणी आटोपल्यावर, मे 2024 मध्ये ती उठली, तीही 40 टक्के शुल्क आणि टनाला किमान 550 डॉलरची अट घालून. कृषी सहायकाला विचारलं तर उत्तर आलं, "ते आमच्याकडे येत नाही." वाण एकाचा, चाळ दुसऱ्याची, बाजार तिसऱ्याचा, आणि तोटा मात्र पूर्ण माझ्या भावाचा. यात न ऐकणारा शेतकरी कुठे दिसला?

हवामानाचंही तेच. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला निघतो. तो जिल्ह्यातल्या पिकाला लावून सांगायला देशभरात 199 कृषी विज्ञान केंद्रांत हवामान कक्ष उघडले होते. ते 2024 मध्ये बंद केले. दोन खात्यांच्या मधे उभी असलेली माणसंच काढून टाकली, आणि आता म्हणे ॲप बघा.

इथे आयोवात आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, एक्स्टेंशन ऑफिसात, शेतीसल्ल्याच्या कचेरीत, एक बाई बसतात. शेजारी पिशवीत सोयाबीनची डागाळलेली पानं घेऊन जातो. त्या ती पानं विद्यापीठाच्या प्लँट क्लिनिककडे धाडतात आणि उत्तर आलं की स्वतः फोन करतात. दुसऱ्या खात्याचा प्रश्न असला तरी उत्तर शोधून देणं हे त्यांचंच काम. 1914 च्या कायद्यापासून ही घडी बसलेली आहे. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर या ऑफिसाच्या कौन्सिलसाठी उभ्या असलेल्यांची नावं असतात, आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधला वाटा तिकडे जातो. "आमच्याकडे येत नाही" म्हणून त्यांना कुणाला परत पाठवताच येत नाही.

तिथे तरी कुठे सगळं आलबेल आहे, म्हणत दादाने लगेच आयोवाच्या राजधानीचं, डेमॉइनचं प्रकरण काढलं. शेतातलं नायट्रेट नदीत येतं म्हणून शहराच्या पाणीपुरवठ्याने 2015 मध्ये वरच्या भागातल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टांवर, म्हणजे शेतातल्या पाण्याचा निचरा सांभाळणाऱ्या संस्थांवर, दावा लावला होता आणि 2017 मध्ये तो फेटाळला गेला. खरं आहे, पण तो मुद्दा वेगळा. मग म्हणाला, तिकडे एकेकाकडे शेकडो एकर, इथे दोन एकरांचे धनी, कुणाकुणाला उत्तरं देणार? अरे, दोन एकरवाल्याला एक हंगाम बुडालेलाही परवडत नाही. त्याला तर आधी उत्तर मिळायला हवं!

यावर त्याचं ठरलेलं वाक्य: "तू तिथली नागरिक, तुला काय करायचंय?"

सातबाऱ्यावर माझं नाव आहे. आमच्या घरातल्या बहुतेक मुलींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, मी केलेली नाही. भावाने कधी मागितलीही नाही. सही केली तर कर्जाला, फेरफाराला माझ्या संमतीसाठी त्याचा खोळंबा होणार नाही, हे मला समजतं. तरी हात धजत नाही. त्या उताऱ्यावरून नाव गेलं की चाकणच्या बाजारात कांदा काय भावाने गेला हे मी कुठल्या नात्याने विचारायचं? इथे माझं घर आहे, मुलं इथलीच झाली, पण पावसाची बातमी मी अजून पुण्याचीच आधी बघते.

म्हणून दादा, मी बोलणारच. नवी समन्वय समिती नको. तालुक्याला एक माणूस नेमा, जो वाण, पाऊस, विमा आणि बाजार या चारही प्रश्नांना उत्तर देईल किंवा आठवड्यात आणून देईल. त्याचं नाव आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा, वर्षातून एकदा त्याला ग्रामसभेपुढे उभं करा. सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या आमच्या खेड तालुक्यापासून करा. संशोधन केंद्र आणि तहसील कचेरी तिथे एकाच गावात, राजगुरुनगरला आहेत, आणि चाकणचा बाजारही जवळ आहे.