ओंडके नव्हते, आणि एकलकोंडेपणही नव्हतं

अमेरिकेतल्या जुन्या शेतकऱ्यांबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: सरकारनं रिकामी जमीन फुकट वाटली, लोकांनी झाडं तोडून ओंडक्यांची घरं बांधली आणि स्वभावच एकलकोंडा म्हणून गाव न वसवता शेतातच राहिले. नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीकडे (म्हणजे जिल्ह्याकडे) नुसतं पाहिलं तरी यातलं फारसं काही टिकत नाही.

आधी ओंडके. तिथल्या घळींत थोडी सीडरची झाडं होती, बाकी नजर पोचेल तिथवर गवत. लाकडाची इतकी वानवा, की १८७३ च्या कायद्यानं ४० एकरांवर झाडं लावणाऱ्याला १६० एकर देऊ केले! मग घर उभं राहिलं ते पायाखालच्या जमिनीचंच. मुळांनी घट्ट विणलेली माती नांगरानं पट्ट्यांत कापायची, दोन-तीन फुटी तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. भिंती दोन-तीन फूट जाड, म्हणून उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. छपराचं दुखणं मात्र आपल्या धाब्याच्या घरासारखंच. बाहेर पाऊस थांबला तरी आत गळती चालूच. सॉलोमन बुचर यांनी १८८६ पासून या घरांचे फोटो काढले. एका फोटोसाठी ऑर्गन अंगणात आणला होता, कारण घरच्या बाईंना तो पूर्वेकडच्या ओळखीच्यांना दाखवायचा होता, मातीचं घर नव्हे. (अशी एक आत्या आपल्याकडेही असतेच.)

‘फुकट’ म्हणाल, तर १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकरांची फी साधारण १८ डॉलर. पण पाच वर्षं तिथं राहून जमीन कसायची अट होती, आणि बैल, नांगर, विहीर सगळं पदरचं. रेल्वे कंपन्यांना मिळालेली जमीन तर विकतच घ्यावी लागे. ‘रिकामी’ हे धडधडीत खोटं. तिथल्याच लूप नदीच्या खोऱ्यात पॉनी या मूळनिवासी लोकांची गोल मातीच्या घरांची गावं होती. १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं.

राहिला एकलकोंडेपणा. १७८५ च्या कायद्यानं जमीन मैलभराच्या चौकोनांत मोजली गेली. १६० एकर म्हणजे अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद तुकडा, आणि राहायचं त्यावरच. स्वभावाचा संबंध येतो कुठे? कॅन्ससमधल्या मॅरियन काउंटीत रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १८७४ मध्ये ग्नाडेनाऊ हे गाव मुद्दाम एका रस्त्याला घरं लावून वसवलं. जमीन रेल्वेकडून विकत घेतलेली, त्यामुळे शेतावर राहायची सक्तीही नव्हती. पण जमिनीचे कागद चौकोनांचेच. काही वर्षांतच ते गाव मोडलं आणि जो तो आपापल्या चौकोनात राहायला गेला.