निशी-कसाईत घर बघताय? आधी पुराचा नकाशा उघडा

आज सकाळी टोकियोतल्या मराठी ग्रुपवर एका मुलीने विचारलं. पुण्याहून येतोय, दोन लहान मुलं आहेत, निशी-कसाईत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट मिळतोय, भाडं परवडतंय, घेऊ का? उत्तरांचा नुसता पाऊस. शाळा कुठली, कढीपत्ता कुठे मिळतो, दिवाळीचा मेळा किती छान असतो. पाण्याबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

अहो, जपानातला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला! आणि तोही कुठे, तर एदोगावा वॉर्डात. हे तिला आपण नाही सांगायचं तर कुणी?

टोकियोच्या 23 वॉर्डांमधला हा सगळ्यात पूर्वेचा. जेमतेम 50 चौरस किलोमीटर जागा आणि त्यात जवळजवळ सात लाख माणसं. एका अंगाला आराकावा नदी, दुसऱ्या अंगाला एदोगावा आणि जुनी एदोगावा या नद्या, खाली टोकियोचा उपसागर. सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. कारखान्यांनी वर्षानुवर्षं जमिनीखालचं पाणी उपसलं, त्यातला नैसर्गिक वायूही काढला, आणि जमीन खचत गेली. 1972 मध्ये वायूचा उपसा थांबवला, पुढे खचणंही आटोक्यात आलं. पण एकदा खचलेली जमीन परत वर येत नाही. त्यामुळे साध्या पावसाचं पाणीसुद्धा या सखल भागातून आपलं आपण वाहून जात नाही, पंपांनी उपसून नदीत टाकावं लागतं. बांध फुटला तर आत आलेलं पाणीही याच कारणाने बाहेर पडणार नाही. एक-दोन आठवडे, कुठे त्याहून जास्त साचून राहील, असं वॉर्ड स्वतःच सांगतो.

विश्वास बसत नसेल तर एखाद्या रविवारी कोमात्सुगावाला जा. जुनी नाकागावा नदी आराकावाला मिळते तिथे 2005 पासून बोटींसाठी पाणदरवाजा आहे. बोट आत येते, मागचं दार खाली येतं, कोठडीत पाणी भरतात, आणि बोट लिफ्टसारखी चढत जाते. दोन्हीकडच्या पाण्यात तीन मीटरपर्यंत फरक असतो. आतलं खालचं पाणी वस्तीकडचं, बाहेरचं चढं पाणी आराकावाचं. ते बघितल्यावर नकाशाची अक्षरं वाचावी लागत नाहीत.

आणि ही आराकावा तरी कुठे मूळची नदी? 1910 च्या महापुराने टोकियो बुडालं, म्हणून 1911 पासून 22 किलोमीटर लांब, सुमारे 500 मीटर रुंद पात्र खोदून काढलं. काम 1930 ला पुरं झालं. पनामा कालव्यावर राबून आलेले आकिरा आओयामा त्यावर अभियंता होते. एवढा उपद्व्याप झाला म्हणून या मैदानात लाखो माणसं राहू शकली.

आपली माणसं इथे का आली तेही माहीत आहे. मेट्रोच्या तोझाई लाईनने गाडी न बदलता कायाबाचो, ओतेमाची या ऑफिसांच्या भागांत. यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या भाड्याच्या इमारतींत जामीनदार लागत नाही, की-मनी (मालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम) नाही, कराराच्या नूतनीकरणाची फी नाही, दोन महिन्यांचं डिपॉझिट भरलं की घर. परक्या देशात याहून मोठा आधार कोणता? योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, आपल्याला केवढा अभिमान वाटला! मग त्याच वर्षी, मे महिन्यात, वॉर्डाने घरोघरी नवा पूर-नकाशा वाटला. त्याच्या मुखपृष्ठावर आपल्या वॉर्डावर बोट ठेवून चक्क लिहिलं होतं, ‘इथे थांबू नका’. आपल्यातल्या किती जणांनी उघडला? व्हिडिओवाले येतात, ‘छोटा भारत’ म्हणून डोसा दाखवतात आणि जातात. संताप येतो.

हो, हल्लीच्या कित्येक दशकांत इथे मोठा बांध फुटलेला नाही, कबूल. पण 12 ऑक्टोबर 2019 आठवा. हागिबिस वादळ, रेल्वे आधी जाहीर करून बंद, वॉर्डात सुमारे 35 हजार माणसं निवाऱ्यांत. ‘वेळ आली की निघू’ म्हणणाऱ्यांना त्या दिवशी निघायला गाडीच नव्हती. तोझाई लाईन आराकावा उघड्या पुलावरून ओलांडते. 1978 मध्ये त्याच पुलावर वावटळीने डबे उलटले होते, वारा वाढला की तिथे थांबवणारच.

म्हणून पूर्वेच्या पाच वॉर्डांनी वेळा ठरवल्या आहेत. मोठ्या पुराचा अंदाज असेल तर त्याच्या 72 तास आधी वॉर्डांची बैठक. 48 तास आधी ‘स्वतःहून बाहेर पडा’. 24 तास आधी बाहेर पडण्याची सूचना. नऊच तास उरले की बाहेर जायचं नाही, जवळच्या उंच इमारतीत चढायचं. लहान मुलं असतील तर 48 तासांच्या खुणेलाच निघा. ऑफिसला काय वाटेल याचा विचार करू नका.

दहाव्या मजल्यावर असाल तर बुडणार नाही, पण वीज गेली की लिफ्ट बंद, पाणी चढवणारा पंप बंद, संडास बंद. चौघांचं घर धरा. माणशी दिवसाला तीन लिटर, म्हणजे आठवड्याला 84 लिटर पाणी. शौचाच्या पिशव्या माणशी दिवसाला पाच, म्हणजे 140. पाणी सगळे साठवतात, पिशव्या कुणाकडेच नसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून हाल होतात ते त्यानेच. पाऊस थांबला, ऊन पडलं म्हणून लगेच घरीही परतू नका. 1947 च्या कॅथलीन वादळात तोने नदीचा बांध वर कुरिहाशीजवळ फुटला आणि ते पाणी इथवर पोचायला काही दिवस लागले.

अजून एक, नवीन लोक हमखास फसतात. वाटतं समुद्राकडे धोका जास्त, आत सुरक्षित. पण दक्षिणेचं रिनकाईचो, सेइशिनचो 1970 च्या दशकापासून घातलेल्या भरावावर आहे आणि आतल्या जुन्या वस्तीपेक्षा उंच आहे. पत्ता नकाशावर शोधा, रंग बघा, मग सही करा.

लिहिता लिहिता राग जरा निवळला. कारण या वॉर्डावर माझा जीव आहे. घाण सांडपाण्याचा ओढा झालेल्या फुरुकावाचं 1973 मध्ये यांनी स्वच्छ वाहतं पाणी आणि झाडं असलेलं उद्यान केलं, अशा प्रकारचं जपानातलं पहिलं. उन्हाळ्यात पोरं त्यात पाय बुडवून बसलेली असतात. इथले लोक पाण्याला घाबरून जगत नाहीत, ओळखून जगतात. त्या मुलीला मी एवढंच कळवलंय की ये, जरूर ये, पण तिसऱ्याच्या वरचा मजला बघ, थोडं जास्त भाडं पडलं तरी चालेल.

राहता राहिला प्रश्न, निघून जायचं कुठे? शाळांचे निवारे सात लाखांना पुरणार नाहीत, वॉर्डही म्हणतो बाहेर नातेवाईक, मित्र, हॉटेल आधीच ठरवून ठेवा. आपले नातेवाईक इथे कुठून असणार? तेव्हा हाचिओजी, माचिदा, इचिकावाच्या कोनोदाईसारख्या चढावर राहणाऱ्यांनो, एका कुटुंबाला दोन-तीन रात्री ठेवून घेता येत असेल तर मला मेसेज करा. मी जोड्या लावून देते. पुढच्या वादळांच्या मोसमाआधी हे झालं पाहिजे.